फॅमिली थेरपिस्टची व्यावसायिक नीती

एकाच घरातल्या दोन किंवा जास्त माणसांना एकत्र बसवून थेरपी देणाऱ्याने काय पाळायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते सांगणारे नियम म्हणजे फॅमिली थेरपिस्टची व्यावसायिक नीती. एकट्या माणसाच्या थेरपीतले नियम इथेही लागतात पण ते पुरत नाहीत, कारण समोर चार जण असतात, चौघांचं म्हणणं वेगळं, आणि क्लायंट नक्की कोण हाच पहिला प्रश्न. फी सासऱ्यांनी भरली म्हणून ते क्लायंट होत नाहीत, सून रडली म्हणून ती एकटीही होत नाही. इव्हान बोसोरमेनी-नॉज या मानसोपचारतज्ज्ञांचा यावरचा विचार मला सगळ्यात पटतो, की तटस्थ राहू नका, आळीपाळीने प्रत्येकाची बाजू मनापासून घ्या, जो खोलीत नाही त्याचीसुद्धा.

सगळ्यात अवघड भाग गुपितांचा. समजा दादरला सेशन संपलं, सगळे चपला घालून लिफ्टपाशी गेले आणि नवरा मोबाइल राहिला म्हणून एकटाच परत आला. दारातच हळू आवाजात म्हणतो, "मॅडम, माझी नोकरी तीन महिन्यांपूर्वीच गेलीय, हिला माहीत नाही, रोज डबा घेऊन निघतो, तुम्ही काही बोलू नका." आता पुढच्या आठवड्यात बायकोने घराच्या हप्त्याचा विषय काढला की थेरपिस्टने करायचं काय? गप्प बसली तर ती त्याच्या लपवालपवीत सामील, बोलली तर विश्वासघात. अमेरिकेतल्या फॅमिली थेरपिस्टच्या 1942 साली सुरू झालेल्या संघटनेची आचारसंहिता इथे स्पष्ट आहे, एकाने खाजगीत सांगितलेलं त्याच्या लेखी परवानगीशिवाय घरच्या दुसऱ्याला सांगायचं नाही. म्हणून गुपितांचं काय करणार हे पहिल्याच सेशनला सगळ्यांसमोर सांगून सह्या घ्यायच्या असतात, आणि तरीही असं काही कानावर आलं तर ते त्यानेच सांगावं म्हणून त्याला तयार करायचं, वेळ द्यायचा, नाहीच सांगितलं तर एकत्र सेशन थांबवायची. पहिल्या दिवशी हे बोलायचं राहून गेलं तर नंतर कुठलाही मार्ग धड नसतो.

मुंबईत गोपनीयतेला अजून एक अडचण आहे, जागा. वन रूम किचनमध्ये सहा माणसं, हेडफोन लावला तरी आपलं बोलणं बाकीच्यांना ऐकू जातंच, त्यामुळे लोक ऑनलाइन सेशनसाठी गच्चीवर नाहीतर जिन्यात बसतात. सुरुवातीलाच "आत्ता आसपास कोण आहे?" विचारणं आणि बोलता येत नसेल तेव्हा वापरायचा एखादा ठरलेला शब्द देणं हा शिष्टाचार नाही, कर्तव्य आहे.

गोपनीयतेला मर्यादा आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 मध्ये मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क आहे, पण दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल तर त्या दुसऱ्याच्या बचावापुरती माहिती देता येते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, घरच्यांनी कितीही हात जोडले तरी. नवरा मारत असेल तर दोघांना एकत्र बसवायचंच नाही, कारण इथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. तिला वेगळं भेटायचं, 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याची माहिती द्यायची, आणि पोलीस स्टेशनातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचा पत्ता द्यायचा, हे कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईतच सुरू केले.

क्लायंटशी किंवा त्याच्या घरच्यांशी शरीरसंबंध, पैशाचा व्यवहार हे तर पूर्ण बंद. ओळखीतल्या, एकाच सोसायटीतल्या कुटुंबाला दुसऱ्याकडे पाठवावं. आपल्याकडे फक्त फॅमिली थेरपीचं वेगळं लायसन्स नाही, भारतीय पुनर्वसन परिषद नोंदणी करते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, त्यामुळे आपलं शिक्षण काय आणि कुठे झालं ते न विचारता सांगणं थेरपिस्टवरच येतं.

पुढे प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं तर दोन्हीकडचे वकील सेशनच्या नोंदी मागतात. 1984 च्या कायद्याने फॅमिली कोर्टाला आधी तडजोडीचा प्रयत्न करावा लागतो, थेरपिस्टवर मात्र संसार टिकवून दाखवायची सक्ती नाही. आणि मूल कोणाकडे राहावं यावर तिने मत देऊ नये, ते काम ज्याने त्या घराला कधी थेरपी दिलेली नाही अशा तज्ज्ञाचं.