कड नसलेली गाठ

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. १९२८ साली त्यांनी आपल्या काही शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. मेंदूच्या उजव्या बाजूला ग्लायोमाची, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाची, गाठ आणि शरीराची डावी बाजू आधीच लुळी पडलेली, असे ते रुग्ण होते. डँडींनी गाठीसकट मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोलच काढून टाकला. गाठीपासून लांबचा, दिसायला निरोगी भागही त्यात गेला. एवढे करूनही आजार उलटलाच.

‘गाठ’ हा शब्दच इथे फसवा आहे. गाठ म्हटले की सुपारीसारखे, लिंबासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते, ज्याला कड आहे आणि जे सोडवून बाहेर काढता येईल. ग्लायोमाला कड नसते. त्याच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत एकेकट्या घुसत जातात. तण म्हणा ना. १९५५च्या सुमारास पुण्यात गाजरगवत पहिल्यांदा नजरेस आले आणि पुढे देशभर माजले. शेतात ते जिथे दाट असते तिथे कुणालाही दिसते. दहा पावलांवर मातीत पडलेले बी कुणाला दिसत नाही, आणि खुरपणी होते ती दिसणाऱ्या तणाची.

ही तुलना नुसती अलंकारिक नाही. तण, उंदीर आणि कर्कपेशी यांच्या पसरण्याचे गणित खरोखर एकच आहे. १९३७ साली रोनाल्ड फिशर यांनी एखादे फायद्याचे जनुक लोकसंख्येत कसे पसरेल, यासाठी एक समीकरण मांडले. त्याच वर्षी रशियात कोल्मोगोरोव्ह आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीही ते स्वतंत्रपणे अभ्यासले. समीकरणात दोनच गोष्टी आहेत: जागच्या जागी संख्या वाढणे आणि इकडेतिकडे भटकणे. प्राग शहराजवळ १९०५ साली मस्करॅट नावाचे उंदरासारखे प्राणी मोजकेच सोडले होते. ते मध्य युरोपात कसे पसरले हे स्केलम यांनी १९५१ मध्ये याच धाटणीच्या गणिताने दाखवले. वाढ आणि भटकंती एकत्र आली की पसरण्याची आघाडी ठरावीक वेगाने पुढे सरकते, लाटेसारखी.

हे गणित मेंदूत नेले ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी. गणितज्ञ जेम्स मरे, मेंदूच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आयुष्य घालवलेले एल्सवर्थ अल्वर्ड आणि तेव्हा पीएचडी करत असलेल्या क्रिस्टिन स्वॉन्सन. मेंदू म्हणजे काही सपाट माळरान नव्हे. करड्या द्रव्यात पेशींना वाट काढावी लागते, तर पांढऱ्या द्रव्यात चेतातंतूंच्या जुड्या असतात आणि त्यांच्या कडेने पेशी झपाट्याने जातात. पांढऱ्या द्रव्यात भटकंती पाचपट धरून या तिघांनी २००० साली मॉडेल मांडले. संगणकात ते चालवायला मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी तयार केलेला मेंदूचा त्रिमित नकाशा होताच. त्यात एका जागी थोड्या पेशी ठेवायच्या, समीकरण चालू करायचे आणि पाहत बसायचे. पसरते ते गोल चेंडूसारखे नाही, वाट मिळेल तसे.

आता दिसण्याचा प्रश्न. एमआरआयला एकेक पेशी दिसत नाही, दाटी दिसते. या मॉडेलमध्ये असे धरतात की, गॅडोलिनियम या चित्र उजळवणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्रात पेशींची दाटी कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांवर गेली की गाठ उजळते. टी-२ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात १६ टक्क्यांपासूनच काहीतरी दिसू लागते. त्याखालचे सगळे अंधारात. पण समीकरण तिथे थांबत नाही. दोन चित्रांतल्या दोन कडांवरून दाटीचा उतार किती तीव्र आहे हे कळते, आणि तोच उतार पुढे न दिसणाऱ्या भागात ओढता येतो. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. रुग्ण किती महिने जगेल, हे भाकीत बातम्यांना आवडते. पण शल्यचिकित्सकाला हवा असतो तो काठापलीकडचा अंदाज.

उदाहरणाला आकडे घेऊ. लाटेचा वेग म्हणजे भटकंतीचा दर आणि वाढीचा दर यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, गुणिले दोन. भटकंती दिवसाला ०.१३ चौरस मिलिमीटर आणि वाढ दिवसाला ०.०१२ धरली, तर आघाडी रोज सुमारे ०.०८ मिलिमीटर सरकते. आता दुसरी गाठ घ्या. तिची भटकंती दहापट कमी आणि वाढ दहापट जास्त. गुणाकार तोच, वेगही तोच. महिन्या-महिन्याच्या स्कॅनवर दोघी जुळ्या बहिणी वाटतील. पण पहिलीचा न दिसणारा काठ दुसरीपेक्षा दहापट रुंद असतो. दुसरीत शस्त्रक्रियेने बरेच साधते, पहिलीत फारसे नाही.

गणिताने मांडलेली लाट खऱ्या रुग्णांत दिसते का? २००३ साली फ्रान्समधल्या एका गटाने मंद वाढणाऱ्या, उपचार न झालेल्या ग्लायोमाच्या २७ रुग्णांचे जुने स्कॅन मोजले. गाठीचा व्यास सरळ रेषेत वाढत होता, वर्षाला सरासरी ४ मिलिमीटर. सहा महिन्यांच्या अंतराने काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवली तर २ मिलिमीटरचा फरक नजरेतून सहज सुटतो, आणि ‘गाठ स्थिर आहे’ असा शेरा पडतो. स्थिर ती कधीच नव्हती.

उपचारही या समीकरणात घालता येतात. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक प्रकारात २००५ पासून ठरलेली पद्धत अशी: शस्त्रक्रिया, मग सहा आठवडे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात, आणि सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगावरच्या औषधाच्या गोळ्या. रेडिएशनची मात्रा ग्रे या एककात मोजतात; ती एकूण ६० ग्रे, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे ३० वेळा. ज्या चाचणीवरून ही पद्धत रूढ झाली, तिच्यात गोळ्यांमुळे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेले. पण रोज २ ग्रेच का, एकाच अंतराने का? २०१४ साली फ्रान्झिस्का मिशोर आणि एरिक हॉलंड यांच्या गटांनी रेडिएशनला दाद न देणाऱ्या पेशींचा हिशेब मॉडेलमध्ये धरून वेगळे वेळापत्रक काढले. मात्रा तेवढीच, फक्त वेळा बदललेल्या. ग्लायोब्लास्टोमाचे उंदीर त्यावर जास्त दिवस जगले. उंदीर, माणसे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे.

स्वॉन्सन यांनी हेच मॉडेल उलटे वापरले. उपचार झालेच नसते तर या रुग्णाची गाठ आज केवढी असती, ते संगणकाने काढायचे आणि खऱ्या स्कॅनशी ताडायचे. रुग्णाची तुलना इतरांच्या सरासरीशी न होता स्वतःशीच होते. उपचाराने किती दिवस मिळवले, ते त्यावरून मोजायचे.

अडचण आहे ती कच्च्या मालाची. वेग काढायला उपचारांपूर्वीचे किमान दोन स्कॅन लागतात. ग्लायोब्लास्टोमाचे निदान झालेल्या माणसाला कोणता डॉक्टर ‘महिनाभर थांबा, वेग मोजू’ म्हणेल? दुसरा स्कॅन मिळतो तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, मेंदूत वाट दाखवणाऱ्या यंत्रासाठी काढलेला. दोन्हींत आठ-दहा दिवसांचे अंतर. वरच्या उदाहरणातली आघाडी दहा दिवसांत ०.८ मिलिमीटर सरकते, आणि एमआरआयच्या चित्रातला एकेक ठिपकाच साधारण १ मिलिमीटरचा असतो.