जुन्या, स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे रंगकाम आणि बदल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अडगळीतून निघालेली किंवा जुन्या बाजारात हाती लागलेली गिटार घेऊन येणारे बहुतेक ग्राहक पहिली विचारणा रंगाची करतात. आमचा आग्रह असा असतो की रंगाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. नेक (तारा जिच्यावर दाबतात ती लांब दांडी) वाकलेली असेल तर बॉडीवर केलेला खर्च वाया जातो. शिवाय नवे भाग बसवण्यासाठी लागणारी भोके आधी पाडावी लागतात, नाहीतर ताज्या रंगाचे टवके उडतात.

१९६०च्या दशकात जपानमधील टीस्को, इटलीतील एको आणि अमेरिकेतील हार्मनी, ‘के’ (Kay) व डॅनइलेक्ट्रो या उत्पादकांनी नवशिक्यांच्या खिशाला परवडतील अशा गिटार मोठ्या संख्येने बनवल्या. खर्च वाचवण्यासाठी तेव्हा केलेल्या युक्त्याच आज दुरुस्तीच्या आड येतात. बॉडी पुष्कळदा अखंड लाकडाऐवजी प्लायवूडची असते. डॅनइलेक्ट्रोच्या कित्येक गिटारमध्ये तर लाकडी चौकटीवर मेसोनाइटचे, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी लगद्याचे, तक्ते बसवलेले असतात. काही नेकमध्ये वाक सुधारण्यासाठी ताण कमीजास्त करता येणारा ट्रस रॉड (आतली धातूची सळई) नसतो, नुसती लोखंडी पट्टी असते. अशी नेक फार वाकली असेल तर उपाय मोजके उरतात आणि ते गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतात, हे आम्ही काम हाती घेण्यापूर्वीच सांगतो.

नेकची प्राथमिक तपासणी आपणही घरी करू शकता. गिटार सुरात लावून जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) एकाच वेळी दाबावी आणि सातव्या फ्रेटजवळ तारेखाली किती फट राहते ते पाहावे. साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक समजावी. फट त्याहून बरीच मोठी असेल, किंवा तार मधल्या फ्रेटला टेकतच असेल, तर आधी नेकचे काम करावे लागेल. नेक सरळ असूनही तारा फार उंच राहत असतील तर दोष बहुधा नेकच्या कोनात असतो, आणि नेक बसते त्या खाचेत लाकडाची पातळ पाचर घालून तो दूर करता येतो.

रंग काढण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते. पिकगार्डखालच्या (बॉडीवरील संरक्षक तक्त्याखालच्या), बाहेरून न दिसणाऱ्या जागी आम्ही अ‍ॅसिटोनचा बोळा लावून पाहतो : लॅकर असेल तर ते मऊ पडून कापसाला लागते, पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन मात्र ढिम्म राहते. (हा प्रयोग घरी करू नये, कारण अ‍ॅसिटोनचा थेंब प्लास्टिकच्या पिकगार्डवर पडला तर तो भाग विरघळतो.) पिकगार्ड उघडल्यावर आणखी एक गोष्ट नेहमी दिसते. त्याच्या सावलीत राहिलेला मूळ रंग ताजा असतो आणि बाहेरचा पिवळटलेला, त्यामुळे ‘होता तसाच रंग द्या’ असे सांगताना दोन्हींपैकी कोणता, हे कृपया स्पष्ट करावे.

जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. तोंडावर योग्य मास्क लावून आणि पृष्ठभाग ओला ठेवूनच हे काम करावे. प्लायवूडच्या बाबतीत धोका निराळा आहे. वरचा थर बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एका गिटारची कडा घासताना हा थर आमच्याच हातून फुटला आणि खालच्या थराच्या आडव्या रेषा बेटासारख्या वर आल्या. ग्राहकाला लाकूड दिसेल असा पारदर्शक रंग हवा होता, त्यांना शेवटी गडद अपारदर्शक रंगावर समाधान मानावे लागले. तेव्हापासून प्लायवूडवर पारदर्शक रंगाची हमी आम्ही देत नाही.

नव्या रंगासाठी पृष्ठभाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून त्यावर सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा थर) आणि मग रंगाचे पातळ हात दिले जातात. नायट्रोसेल्युलोज लॅकर बोटाला कोरडे लागले तरी आतून पक्के व्हायला तीन ते चार आठवडे घेते, आणि त्याआधी घासून चकाकी आणली तर पुढे ते आणखी आक्रसून लाकडाच्या रेषा वर उमटतात. म्हणून घाई करू नये, ही विनंती. नेकच्या खाचेत रंग जाऊ नये यासाठी ती आम्ही चिकटपट्टीने झाकतो. तेथे रंगाचे दोन हात जरी चढले तरी नेक जोर लावून बसवावी लागते आणि खाचेच्या कडेचा रंग तडकतो.

विद्युत भागांत आम्ही शक्यतो कमी हात घालतो. नॉब फिरवताना होणारी खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरनेच जाते. पॉट (नॉबखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) बदलायचाच झाला तर पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, एका वेटोळ्याचा (सिंगल कॉइल) असल्यास २५० आणि दोन वेटोळ्यांचा (हमबकर) असल्यास ५०० किलोओमचा वापरण्याचा प्रघात आहे, पण या जुन्या गिटारमध्ये मूळ पॉटचा किलोओमचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आधी मोजतो. मूळ पिकअप काढून हमबकर बसवण्याची मागणी वारंवार होते. ती आम्ही सहसा नाकारतो : टीस्कोचे सोनेरी पत्र्याचे पिकअप आणि डॅनइलेक्ट्रोचे लिपस्टिकच्या नळीतले पिकअप आज वादक मुद्दाम शोधत असतात, आणि हमबकरसाठी बॉडी कोरली की ते लाकूड परत येत नाही. गुणगुण कमी करण्यासाठी आतून तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडणे, हा बदल मात्र आम्ही आनंदाने करतो, कारण तो पुन्हा काढता येतो. खुंट्यांनाही हीच कसोटी लागू आहे. जुनी भोके नव्या खुंट्यांसाठी लहान पडतात. ती मोठी करण्यापेक्षा जुन्याच मापाच्या खुंट्या मिळतात का, हे आम्ही आधी पाहतो.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, आपल्याला पिशवीत घालून परत दिला जाईल. लॅकरने रंगवलेली गिटार रबर किंवा फोम लावलेल्या स्टँडवर ठेवू नये. त्यांचा लॅकरवर परिणाम होऊन डाग पडतो. स्टँड बदलणे शक्य नसेल तर त्याच्या टेकूंना जाड सुती कापड गुंडाळावे.