राणीच्या बागेचे दोन मोसम: पार्श्वभूमी

ठाण्यातील वृक्षप्रेमी मंडळी भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जातात, तेव्हा त्यांच्या फेऱ्या फुलोऱ्यावर ठरतात: उर्वशीसाठी हिवाळ्याची अखेर, बहावा आणि ताम्हण यांच्यासाठी एप्रिल-मे, गोरखचिंचेच्या फुलांसाठी पावसाचा आरंभ, बुचासाठी दिवाळीच्या आसपासचे दिवस. बाकीचे ठाणेकर शाळांच्या सुट्ट्यांचा मोसम पाळतात आणि थेट पेंग्विनच्या रांगेत उभे राहतात. एकाच आवारात हे दोन मोसम नांदू लागले, ते बऱ्याच उशिरा.

मूळची वनस्पती-बाग शिवडीला होती. त्या जागेवर पुढे दफनभूमी झाली. भायखळ्याची बाग नोव्हेंबर १८६२ मध्ये उघडली, म्हणजे ठाण्याची आगगाडी या बाजूने धावू लागून नऊ वर्षे झाल्यानंतर. शेती-बागायतीला वाहिलेल्या संस्थेने ती उभारली आणि १८७३ मध्ये संस्था मोडकळीस आल्यावर ती पालिकेकडे गेली. ब्रह्मदेशातील उर्वशी, आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती अशी दूरदेशीची झाडे इथे एकत्र वाढली. प्राण्यांचे पिंजरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले, तेही झाडांमधल्या मोकळ्या जागेत, आणि तेव्हा त्यावर कोणी वाद घातल्याचे फारसे ऐकिवात नाही.

वाद झाला तो २००७ च्या सुमारास, प्राणिसंग्रहालयाला आंतरराष्ट्रीय रूप देणारा आराखडा पुढे आल्यावर. प्रशासनाचा मुद्दा पोकळ नव्हता: पिंजरे जुने व अरुंद होते आणि केंद्रीय निकषांनुसार प्राण्यांना प्रशस्त, नैसर्गिक वाटेल असा अधिवास देणे भाग होते. झाडे शक्यतो तोडली जाणार नाहीत, असेही सांगितले गेले. परंतु जुन्या वृक्षाला मारण्यासाठी कुऱ्हाडच लागते असे नाही. मुळांवर भराव टाकला, भोवती काँक्रीट ओतले, खंदक खणून मुळे छाटली आणि माती यंत्रांखाली दाबली गेली, की पाणी व हवा खाली पोहोचत नाही आणि झाड काही वर्षांत वाळते; मग ते ‘नैसर्गिकरीत्या’ पडल्याची नोंद होते. नागरिकांनी झाडन्‌झाड नोंदवून हाच आक्षेप मांडला आणि ही वारसा दर्जाची वनस्पती-बाग असल्याकडे लक्ष वेधले. मूळ आराखडा त्या स्वरूपात टिकला नाही. तो आटोपशीर करून टप्प्याटप्प्याने राबवला गेला. मात्र ही जागा आधी बाग की आधी प्राणिसंग्रहालय, या प्रश्नाचे उत्तर कागदावर कधीच नीट दिले गेले नाही, आणि पुढचे बरेच निर्णय त्या मोकळीकीतून निघाले.

त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे हम्बोल्ट पेंग्विन. जुलै २०१६ मध्ये आठ पक्षी दक्षिण कोरियातून आणले गेले, त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला, आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. बारमाही एकसारख्या थंडीत ठेवलेला हा बागेचा एकमेव कोपरा, जिथे ऋतू पाहून जाण्याचे कारणच उरत नाही.

ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी एकत्रित १०० रुपयांची सोय ठेवली गेली, जी वर्षातून एकदा येणाऱ्यांना सोयीची आहे. उर्वशी फुलली का हे पाहायला पंधरा दिवसांनी पुन्हा येणाऱ्या एकट्या ठाणेकराला मात्र प्रत्येक खेपेला दहापट मोजावे लागू लागले.