पाऊस एका खिडकीवर, धावपट्टी दुसरीवर

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात देशाच्या उत्तर आणि पश्चिम भागातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवले गेले, आणि मराठी वाहिन्यांच्या पट्टीवरून 'नोटम' हा शब्द दिवसभर फिरू लागला. बंदीची जाहीर मुदत होती १५ मे, पहाटे ५ वाजून २९ मिनिटे. ही असली कसली वेळ, असे अनेकांना वाटले. कारण साधे आहे. विमानवाहतुकीचे सगळे कागद जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. तिकडे रात्रीचे ११:५९ होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ५:२९. (बंदी प्रत्यक्षात १२ मे रोजीच उठली.)

नोटम म्हणजे वैमानिकांसाठीची तातडीची सूचना: धावपट्टी बंद, दिवे नादुरुस्त, अमुक जागी क्रेन उभी, अमुक हवाई हद्दीत प्रवेश नाही. उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात पडणाऱ्या कागदांपैकी हा केवळ एक गठ्ठा. दुसरा गठ्ठा हवामानाचा. तिसरा कंपनीचा, ज्यात मार्ग, इंधन, वजन आणि त्या विशिष्ट विमानात काय बिघडलेले आहे याची नोंद असते. या सगळ्यांचे मिळून एकच ब्रीफिंग, म्हणजे उड्डाणाआधीची माहिती, असावे, ही मागणी जुनी आहे आणि ऐकताना कोणालाही पटते. मग ती अजून अर्धवट का राहिली? तंत्रज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. हे गठ्ठे वेगवेगळ्या घरांत जन्मले, आणि त्यांतले काय गाळायचे याची जबाबदारी घ्यायला कोणी पुढे आले नाही.

सुरुवातीला गठ्ठेच नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओही नव्हता. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निकामी होई, म्हणून टाटांची टपालसेवा पावसाळ्यापुरती पुण्याला हलत असे. म्हणजे हवामानाची आणि धावपट्टीची बातमी एकच होती, आणि ती सांगायला कोणत्या खात्याची गरज नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेत एल्री जेपसन नावाचा टपाल-वैमानिक खिशातल्या छोट्या वहीत स्वतःसाठी नोंदी करत होता. टेकड्यांची आणि टाक्यांची उंची, मैदानांचे आराखडे, उताराची दिशा, आणि वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर, कारण फोन केला की ते आपल्या शिवारावरचे आभाळ कसे आहे ते सांगत. सहकारी वैमानिकांनी प्रती मागितल्या, आणि १९३४ पासून तो ती वही १० डॉलरला विकू लागला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जेपसन नकाशांचे मूळ या वहीत आहे. माझ्या मते सगळी माहिती एकत्र करणारे पहिले खरे ब्रीफिंग हेच. त्यात अडथळे आणि हवामान शेजारी शेजारी होते, आणि मुख्य म्हणजे काय लिहायचे व काय सोडायचे हे ज्याला उडायचे होते त्यानेच ठरवले होते.

फाटे पुढे फुटले. १९४४ च्या शिकागो करारातून आयसीएओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली आणि नियमांची परिशिष्टे तयार होऊ लागली. हवामानाचे तिसरे परिशिष्ट १९४८ मध्ये आले. नोटम आणि इतर हवाई माहितीचे पंधरावे परिशिष्ट १९५३ मध्ये. हवामानाकडे जागतिक हवामान संघटनेचेही लक्ष, तर नोटमचा आदर्श खलाशांना दिल्या जाणाऱ्या सूचनांचा. दोन्हींची घडण वेगळी, भाषा वेगळी, तपासणारे अधिकारी वेगळे. भारतात तर मंत्रालयेही वेगळी झाली. हवामान खाते १८७५ पासूनचे आणि आज भूविज्ञान मंत्रालयाखाली. भारतीय विमानतळ प्राधिकरण १ एप्रिल १९९५ चे आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली. त्यावर आपल्याकडे हवाई दलाचा 'एडीसी' नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, आणि ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत.

संगणक येण्यापूर्वी वैमानिक किंवा कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणारा माणूस, विमानतळावर पोचला की आधी हवामान कार्यालयात जाई. तिथला अधिकारी नकाशा पसरून तोंडी समजावून सांगे, वाऱ्यांचे तक्ते आणि अंदाज यांचे पाकीट देई. मग ब्रीफिंगच्या खिडकीवर नोटमचे बुलेटिन, मग फ्लाइट प्लॅन भरणे, मग परवानगीचे नंबर. काही नोटम तारेने येत, काही चक्क टपालाने. ही पायपीट वाटते तितकी वाईट नव्हती. हवामान अधिकारी समोरच्याला ओळखत असे आणि 'आज घाटावर जरा जपून' एवढे तरी म्हणत असे. पण हवामानवाल्याला धावपट्टीचे माहीत नसे आणि नोटमवाल्याला पावसाचे. दोन्ही एकत्र येत ती फक्त वैमानिकाच्या डोक्यात.

मुंबई-ठाण्याच्या परिसरात हे किती महागात पडू शकते, हे १२ जुलै १९४९ रोजी दिसले. केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान पावसाळी हवेत सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात घाटकोपरच्या डोंगरावर आदळले आणि विमानातले सर्व ४५ जण गेले. १९६२ च्या जुलैत अलितालियाचे डीसी-८ मुंबईकडे उतरता उतरता जुन्नरच्या डोंगरांत कोसळले, तेव्हा ९४ जण गेले. डोंगर दोन्ही वेळा नकाशावर होते.

कागदांची भाषा इतकी रुक्ष का, याचेही उत्तर त्याच काळात आहे. विमानतळांमधले निरोप ज्या तारयंत्रांच्या जाळ्यावरून जात त्यात लहान लिपी नव्हती, सगळी अक्षरे मोठीच. ओळीला ६९ अक्षरांची मर्यादा. म्हणून शब्द तोडून तोडून संक्षेप झाले, नोटमचा विषय सांगायला सांकेतिक अक्षरे आली, आणि १९६८ पासून प्रत्यक्ष हवामानाचा 'मेटार' हा सांकेतिक अहवाल आंतरराष्ट्रीय पातळीवर रूढ झाला. तारयंत्रे भंगारात गेली, भाषा मात्र टिकून आहे. मेटारचे एक बरे आहे: तो आटोपशीर आहे, दर अर्ध्या तासाला नवा येतो आणि जुना आपोआप बाद होतो. नोटमचे तसे नाही. ते साचतात. एका नोटमची मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावी असा संकेत आहे, तरी कित्येक तेवढ्यापुरते नूतनीकरण होऊन वर्षानुवर्षे फिरत राहतात. आयसीएओला २०२१ मध्ये जुन्या नोटमच्या सफाईची जागतिक मोहीमच काढावी लागली.

संगणक आले तेव्हा पहिली कल्पना अर्थातच जोडणीची होती. युरोपने जून २००३ मध्ये अनेक देशांची हवाई माहिती एका समाईक साठ्यात आणली. आपल्याकडे हवामान खात्याने ऑनलाइन ब्रीफिंग सुरू केले, त्यामुळे नकाशे आणि अंदाज कंपन्यांना कार्यालयात बसून मिळू लागले. नोटम प्राधिकरणाच्या स्वतंत्र यंत्रणेतून. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने हे सगळे ओढून घेतले, फ्लाइट प्लॅनच्या मागे जोडले आणि एकच फाइल तयार केली. पुढे टॅब्लेट आला आणि वैमानिकांच्या पंधरा-सोळा किलोच्या बॅगा गेल्या. काम झाले असे वाटले. पण सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा एका फायलीत लावले म्हणून जमिनीचा वाद मिटत नाही, हे पनवेल-उरणकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ही फाइल काय करू शकते याचे सगळ्यात बोलके उदाहरण ७ जुलै २०१७ चे आहे. सॅन फ्रान्सिस्कोत रात्री एअर कॅनडाचे ए-३२० धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमाने धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावर, उतरू लागले. तिथे चार विमाने उड्डाणाच्या रांगेत होती. जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन ते पुन्हा वर गेले. सगळ्या विमानांत मिळून हजारावर माणसे होती. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते, आणि तशी नोंद वैमानिकांच्या कागदांत होती. २७ पानांपैकी आठव्या पानावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट सुनावणीत म्हणाले की नोटम म्हणजे कोणी लक्ष न देणारा कचरा झाला आहे. अधिकाऱ्याच्या तोंडी ही भाषा जरा भडक वाटली तरी अनेक वैमानिकांना ती सौम्यच वाटली असेल.

तैपेईचा अपघात मला त्याहून विचार करायला लावतो. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री वादळ जवळ आलेले, मुसळधार पाऊस आणि आडवा वारा. सिंगापूर एअरलाइन्सचे ७४७ चुकून बंद असलेल्या समांतर धावपट्टीवर वळले आणि उड्डाणाच्या धावेत बांधकामाच्या यंत्रांवर आदळले. १७९ पैकी ८३ जणांचा मृत्यू झाला. धावपट्टी बंद असल्याचा नोटम वैमानिकांना ठाऊक होता. दिवे आणि खुणा पुरेशा होत्या का, यावर तैवान आणि सिंगापूर यांचे एकमत झाले नाही, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवणे बरोबर नाही. तरी एवढे दिसते की त्या रात्री वारा आणि पाऊस सगळे लक्ष खात होते. वादळाच्या तक्त्याशेजारीच 'अशा दृश्यमानतेत ही बंद धावपट्टी उघडी भासेल' असे सांगणारा कागद कुठल्याच खात्याच्या कामात बसत नव्हता.

सगळे एका जागी आणण्याची दुसरीही बाजू आहे. ११ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या नोटम यंत्रणेतल्या फायली एका कंत्राटदाराच्या हातून चुकून काढल्या गेल्या आणि देशभरातली उड्डाणे सकाळी थांबवावी लागली. हजारो विमानांना उशीर झाला.

आता आपल्या अंगणाकडे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, सुरुवातीला फक्त सकाळी ८ ते रात्री ८. ३,७०० मीटरच्या धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, उच्चदाबाच्या विजेच्या तारा हलवल्या. यातल्या प्रत्येक बदलाची नोंद हवाई नकाशांत घ्यावी लागते, आणि नियोजित बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रानेच अमलात येतात. बिल्डरांना इमारतीच्या उंचीसाठीची 'हाइट एनओसी' ठाऊक असते, पण नव्या टॉवरवर चढवलेली क्रेनही वैमानिकाच्या कागदांत जाऊ शकते, हे खारघरच्या फ्लॅटधारकाच्या मनात येत नाही.

खाडीचे पक्षी ही वेगळी गोष्ट. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या विमानाची धडक बसून घाटकोपरला सुमारे ४० रोहित मेले. भरती-ओहोटीबरोबर थव्यांची जागा बदलते. 'विमानतळ परिसरात पक्ष्यांचा वावर' अशी बारमाही ओळ मात्र कोणत्याच दिवसाचे काही सांगत नाही. हवामान, भरती आणि नोटम एकत्र वाचता आले तर ती ओळ कामाची होईल.

आणि पाऊस. मुंबईत उतरता आले नाही तर नवी मुंबई आहेच, असे लोक सहज बोलतात. पण जुलैतला एकच ढग दोन्हीकडे बरसतो, म्हणून डिस्पॅचर अहमदाबाद किंवा हैदराबादपर्यंतचे इंधन भरायला सांगतो. १ जुलै २०१९ च्या पावसात एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती काही दिवस बंद राहिली. उरली ती आखूड, मुख्य धावपट्टीला छेदणारी धावपट्टी. त्या दिवसांत वारा, पाणी साचलेली धावपट्टी आणि बंदीचा नोटम हा एकच प्रश्न होता, तीन नव्हेत.

आयसीएओचे हवामानाचे परिशिष्ट आता शिफारस करते की हवामान आणि हवाई माहिती वैमानिकाला एकाच दारातून मिळावी. मेटार आणि अंदाज २०२० पासून यंत्राला वाचता येतील अशा 'आयडब्ल्यूएक्सएक्सएम' नावाच्या रचनेतही दिले जातात (नाव ठेवणाऱ्याने ते कधी मोठ्याने म्हणून पाहिले नसावे), आणि नोटमचेही तसेच डिजिटल रूप तयार होत आहे. म्हणजे अमुक उंचीवर, अमुक वेळी, अमुक विमानाला लागू तेवढेच गाळून देणे शक्य आहे. पण त्याच परिशिष्टात लगेच पुढे लिहिले आहे की दार एक झाले तरी हवामान माहितीच्या दर्जाची जबाबदारी हवामान खात्याचीच. आणि उड्डाणाच्या नियमांचे दुसरे परिशिष्ट सांगते की निघण्यापूर्वी मुख्य वैमानिकाने त्या उड्डाणाशी संबंधित सगळी उपलब्ध माहिती करून घ्यावी. गाळणीने अडवलेली ओळ उपलब्ध होती की नव्हती? या प्रश्नाला सामोरे जाण्यापेक्षा कंपन्या सोपा मार्ग धरतात: पहिल्या पानावर डिस्पॅचरने निवडलेल्या चार ठळक ओळी, आणि मागे उरलेली सगळी पाने जशीच्या तशी जोडलेली.