डेल्टाचा ब्लूज : तीन थडगी आणि दोनशे पाट्या

मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात, मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधल्या सपाट गाळाच्या जमिनीवर, जिला डेल्टा म्हणतात, आज जागोजाग ब्लूजच्या, म्हणजे इथल्या काळ्या मजुरांच्या गाण्याच्या, आठवणीच्या निळ्या पाट्या दिसतात. अमका गायक इथे जन्मला, तमका इथे तुरुंगात होता, या पडक्या दुकानापुढे शनिवारी गिटार वाजायची. पहिली पाटी डिसेंबर २००६मध्ये हॉली रिज या खेड्यात लागली. आता त्या दोनशेच्या वर गेल्या आहेत आणि काही तर राज्याबाहेर, थेट शिकागोपर्यंत पोचल्या आहेत. एप्रिलमध्ये क्लार्क्सडेलला उत्सव, ऑगस्टमध्ये पुन्हा तिथेच, ऑक्टोबरमध्ये नदीपलीकडे आर्कान्सातल्या हेलेनाला. युरोपातून, जपानमधून माणसं येतात, मळ्यांची नावं तोंडपाठ असलेली.

हे पाहून वाटतं की या मुलखाला आपल्या संगीताचं पहिल्यापासून कौतुक असणार. तसं काही नव्हतं. गोऱ्या मळेवाल्यांच्या लेखी तो मजुरांचा शनिवारचा धिंगाणा होता, आणि चर्चला नेमानं जाणाऱ्या काळ्या घरांतही ते सैतानाचं गाणं म्हणून उंबऱ्याबाहेरच राहिलं. वारशाची भाषा इथे आली ती १९७०नंतर, म्हणजे गाणारे बहुतेक गेल्यावर किंवा गाव सोडून गेल्यावर.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१–६५) दक्षिणेचा कापूस अडकला आणि मुंबईच्या कापूसबाजाराची चांदी झाली, हे आपल्याकडे शाळेतही शिकवतात. यादवी संपल्यावर तिकडे कापसाखाली नवी जमीन आणायची घाई सुरू झाली. डेल्टातलं जंगल आणि दलदल मुख्यतः त्या पुढच्या चाळीसेक वर्षांत तोडली-उपसली गेली. गुलामी कायद्यानं संपली होती, तिच्या जागी अर्धेली आली. बियाणं, पीठ, रॉकेल मालकाच्याच दुकानातून उधार आणि डिसेंबरात हिशेब. वही मालकाची, त्यामुळे कुळाच्या हाती बहुतेकदा पुढच्या वर्षाचं कर्जच पडायचं. १८९५ साली उभ्या राहिलेल्या डॉकरी मळ्याचं स्वतःचं चलन होतं, स्वतःचं दुकान आणि रेल्वेचा थांबाही होता. डेल्टा ब्लूजची पहिली पिढी या मळ्याच्या आसपास वाढली. मालकाच्या बंगल्यात मात्र त्याची दखलही नव्हती.

१९०३च्या सुमारास टटवायलरच्या स्टेशनवर नऊ तास उशिरा धावणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलेल्या एका बँडमास्तरनं शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस सुरीचं पातं तारांवर दाबून गिटार वाजवताना ऐकला. ही आठवण त्यानं छापली १९४१मध्ये. तिच्याच आधारावर अमेरिकी सिनेटनं २००३ हे ‘ब्लूजचं वर्ष’ ठरवलं. ऐकणाऱ्याचे पुतळे झाले. वाजवणारा कोण होता ते कधीच कळलं नाही.

१९२०नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या मालिका काढल्या आणि मग डेल्टातल्या गायकांना इंडियाना, विस्कॉन्सिन, टेक्सस अशा लांबच्या ठिकाणी नेऊन ध्वनिमुद्रणं झाली. जॅक्सनमधल्या एका गोऱ्या दुकानदाराचा कान तयार होता, बरीच नावं त्याच्याच शिफारशीनं पुढे गेली. १९४१च्या ऑगस्टमध्ये सरकारी ग्रंथालयाचा एक संग्राहक आणि नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय विद्यापीठातला एक संगीतज्ञ असे दोघे मिळून स्टोव्हॉल मळ्यावर आले, एका ट्रॅक्टरचालकाच्या खोपटात यंत्र लावलं आणि त्याला गायला सांगितलं. कौतुक पहिल्याचं झालं. दुसऱ्याचं काम कित्येक दशकं कागदपत्रांत पडून राहिलं. ट्रॅक्टरचालक १९४३मध्ये शिकागोला निघून गेला आणि मडी वॉटर्स या नावानं जगाला माहीत झाला.

पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९४४ला, क्लार्क्सडेलजवळच्या होप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. मळेवाल्याचा हिशेब असा : एक गठाण हातानं वेचायला ३९ डॉलर ४१ सेंट, यंत्रानं ५ डॉलर २६ सेंट. एक यंत्र पन्नास माणसांचं काम करत होतं. डेल्टातून माणसं आधीपासून जातच होती, आता त्यांना थांबवण्याचं कारणच उरलं नाही. गाणं त्यांच्याबरोबर उत्तरेला गेलं आणि तिथे त्याच्या गिटारीला वीज लागली.

उत्सवांच्या इतिहासात एक गोष्ट हमखास गाळली जाते. सुरुवात सांगतात ती क्लार्क्सडेलच्या ब्लूज संग्रहालयापासून. ते १९७९ साली एका शाळेच्या खोलीत सुरू झालं आणि १९९९मध्ये जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत गेलं. पण त्याच्या आधी, १९७८मध्ये, ग्रीनव्हिलजवळ काळ्या समाजातल्याच एका संघटनेनं उत्सव भरवला होता. मळ्यांवरून हुसकावलेल्या मजुरांनी वसवलेल्या वस्तीवर, मालट्रकच्या उघड्या ट्रेलरलाच मंच करून. मतदार नोंदणी आणि घरबांधणी हे त्या संघटनेचं मुख्य काम होतं. पर्यटकांचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढचा सगळा बाज बदलला तो एका माणसाच्या थडग्यामुळे. रॉबर्ट जॉन्सन या डेल्टातल्या गायक-गिटारवादकाचं गाणं जिवंतपणी फारसं खपलं नाही. नोव्हेंबर १९३६ आणि जून १९३७ अशा दोन खेपांत २९ गाणी नोंदली गेली आणि १६ ऑगस्ट १९३८ला ग्रीनवूडजवळ तो गेला. १९६१च्या एका एलपीनं तो ब्रिटन-अमेरिकेतल्या गोऱ्या गिटारवाल्या पोरांचा देव झाला. १९९०मध्ये त्याच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा संच निघाला आणि दहा लाखांवर खपला. आता चाहते फुलं घेऊन यायला लागले आणि विचारायला लागले, कबर कुठे आहे?

उत्तर देणारा एकच कागद होता, १९६८मध्ये एका संशोधकाला सापडलेला मृत्यूचा दाखला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘डॉक्टर नव्हता’ एवढंच. मागच्या बाजूला निबंधकाची नोंद : हा माणूस दोन-तीन आठवड्यांपूर्वी ट्यूनिकाहून नाचाच्या कार्यक्रमात बँजो वाजवायला आला होता, ज्याच्या जागेवर मेला त्या गोऱ्या मालकाला वाटतं की उपदंशानं मेला असावा, शवपेटी काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, दिली. (त्याच्या व्हिस्कीत कोणी तरी विष घातलं अशी गोष्ट सांगतात, दाखल्यात ती नाही.) दफनाच्या जागी लिहिलं आहे ‘झायन चर्च’. त्या काउंटीत झायन नावाची चर्चं हवी तितकी.

पहिला दगड बसला क्विटोमधल्या एका चर्चच्या आवारात. आधार होता एका वृद्ध बाईनं दिलेली माहिती. आपण त्याची प्रेयसी होतो असं तिचं म्हणणं. छोटा, जमिनीसरसा दगड. तो बसवला अटलांटाच्या एका रॉक बँडनं, ज्याच्या नावातच थडगं होतं. जाहिरात म्हणा की भक्ती.

दुसरा १९९१मध्ये, तिथून जवळच मॉर्गन सिटीच्या माउंट झायन चर्चमध्ये. हा टनभर वजनाचा चौकोनी स्तंभ आहे, त्यावर सगळ्या गाण्यांची नावं कोरलेली. या निर्णयावर अजून वाद होतात, आणि व्हायलाच हवेत. चर्चवर कर्ज होतं आणि इमारत जप्त व्हायची वेळ आली होती. बाहेरून आलेल्या एका गिटारविक्रेत्यानं निधी स्थापन केला, ज्या रेकॉर्ड कंपनीनं तो संच काढला होता तिच्याकडून पैसे मिळवले, कर्ज फिटलं आणि स्तंभ उभा राहिला. टीकाकार म्हणतात, पुरावा जिकडे होता तिकडे दगड गेला नाही, गरज होती तिकडे गेला. खरं आहे. पण मला यात लबाडीपेक्षा शहाणपण जास्त दिसतं. मेलेल्या गायकाच्या नावावर लाखो डॉलर मिळवणाऱ्या कंपनीकडून डेल्टातल्या एका गरीब मंडळीचं छप्पर वाचलं. त्या निधीनं पुढे इतर विसरलेल्या गायकांच्या कबरींवरही दगड बसवले, आणि तिथे जागेबद्दल फारशी शंका नव्हती.

तिसरी जागा ग्रीनवूडच्या उत्तरेला, मनी या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिटल झायन चर्चमागे झाडाखाली. २००० साली एका वयस्क बाईनं सांगितलं की तिच्या नवऱ्यानं तो खड्डा खणला होता, आणि आपण त्याला तिथे पाणी घेऊन गेलो होतो. जॉन्सन ज्या मळ्याच्या आसपास मेला त्याच्याशीही ही जागा जुळते. राज्याची निळी पाटी इथेच लागली आहे. मला विचाराल तर कौल या जागेला. इथल्या दगडावर जॉन्सनच्या हातचा म्हणून सांगितला जाणारा मजकूर कोरला आहे, आणि वर गिटारच्या पिक, नाणी, व्हिस्कीच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. चाहते तिन्हीकडे जातात, उगाच राहून गेलं असं नको.

पैशाचं काय झालं, हेही याच गोष्टीत येतं. १९७४ साली एका संग्राहकानं जॉन्सनच्या सावत्र बहिणीशी करार करून मिळकतीत निम्मा हिस्सा ठरवून घेतला होता. बहीण गेल्यावर वारस कोण हा वाद कोर्टात गेला. खडीचा ट्रक चालवणारा एक गृहस्थ मुलगा म्हणून पुढे आला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये त्याचा हक्क कायम केला. दहा लाख डॉलरच्या वर रक्कम होती. निकालाला आधार होता त्याच्या आईच्या मैत्रिणीच्या साक्षीचा. जॉन्सन आणि त्याची आई एकत्र आले त्या संध्याकाळी ती त्यांच्याबरोबरच होती.

जॉन्सननं गिटारीच्या कलेसाठी चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला, या दंतकथेवर वेगळं लिहिण्यासारखं थोडंच आहे. ती आधी दुसऱ्याच एका जॉन्सनबद्दल त्याच्या भावानं सांगितलेली. रॉबर्टला ती साठच्या दशकात चिकटली. त्याच्या चौरस्त्याच्या गाण्यात सैतान कुठेच नाही. सूर्य मावळतोय, कोणी गाडीत घेत नाही, आणि परक्या गावच्या रस्त्यावर काळा माणूस एकटा आहे. त्या काळच्या मिसिसिपीत एवढं भय पुरेसं होतं. क्लार्क्सडेलला मात्र ६१ आणि ४९ क्रमांकाच्या रस्त्यांच्या नावानं खांबावर निळ्या गिटारी लावल्या आहेत, आणि फोटोसाठी गर्दी तिथेच.

लिटल झायनवरून तसंच उत्तरेला गेलं की काही मैलांवर मनी गाव लागतं. १९५५च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून सुट्टीला आलेला १४ वर्षांचा काळा मुलगा एमेट टिल इथल्याच किराणा दुकानात गेला होता. चार दिवसांनी त्याला उचलून नेऊन मारलं, आणि गोरे आरोपी सप्टेंबरमध्ये सुटले. ते दुकान वेलींनी वेढून कोसळत आलं आहे. शेजारचा जुना पेट्रोलपंप मात्र नागरी हक्कांच्या वास्तूंसाठीच्या सरकारी अनुदानातून चकाचक झाला. दुकानापुढे २०११मध्ये लावलेल्या पाटीवरचा मजकूर २०१७मध्ये कोणी तरी खरवडून काढला. मृतदेह मिळाला त्या नदीकाठची पाटी आधी चोरीला गेली, मग तिच्या जागी लावलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी ऑक्टोबर २०१९मध्ये तिथे गोळीनं न भेदली जाणारी पोलादी पाटी बसवावी लागली. २०२३मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारकात आली. ब्लूजच्या पाट्यांना असला बंदोबस्त लागत नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर कोणता वारसा सुखानं नांदतो आणि कोणता नाही, हे पर्यटन खात्याच्या पत्रकात येत नाही.

होप्सन मळ्यावर, जिथे यंत्रांनी मजुरांची गरज संपवली, तिथे १९९८पासून कुळांची जुनी खोपटी पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं मिळतात, एसी लावून. मडी वॉटर्सच्या खोपटाची एक फळी काढून टेक्ससमधल्या एका रॉक गिटारवादकानं तिची गिटार करवली. उरलेलं खोपट गावोगाव फिरवून आणलं आणि आता ते संग्रहालयात आहे. काहींना हे बाहुल्यांचं घर वाटतं. गावातले लोक सांगतात की याच धंद्यानं खाणावळी आणि लॉज चालू आहेत, आणि कारखाने येत नाहीत.

मेरिगोल्डजवळ शेतात एक पत्र्याचं खोपट होतं, गुरुवारी रात्री चालणारं, दाराशी ‘रॅप वाजवायचं नाही’ अशी पाटी. परदेशी लोक तिथे ब्लूज शोधत येत, आणि आत बहुतेकदा रेकॉर्डवर सोल, म्हणजे काळ्या समाजाचंच नंतरचं संगीत, वाजत असे, कारण गावच्या गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. मालक जुलै २०१६मध्ये गेला, गुत्ता बंद झाला, आतलं सामान लिलावात गेलं. निळी पाटी बाहेर आहे.

क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात शाळा सुटल्यावर पोरांना गिटार, बेस, ड्रम शिकवण्याचा वर्ग चालतो. १९९९मध्ये जन्मलेला तिथला एक मुलगा २०२२मध्ये ग्रॅमी घेऊन आला. अल्बमचं नाव ‘६६२’, म्हणजे या भागाचा टेलिफोन कोड. वर्षातला बराच काळ तो दौऱ्यावर, डेल्टाबाहेर असतो.