मोबाइल कादंबरी (केताई शोसेत्सु)

मोबाइल फोनवर लिहिलेली, हप्त्याहप्त्याने फोनवरच प्रसिद्ध झालेली आणि मुख्यतः फोनवरच वाचली गेलेली जपानी कादंबरी. 2000 नंतरचे दशक हा तिचा बहराचा काळ.

एनटीटी डोकोमो या जपानी मोबाइल कंपनीने 1999 मध्ये ‘आय-मोड’ ही मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली. ‘माहो नो आय-रांदो’ या संकेतस्थळावर कोणालाही आपले पान उघडून कथा लिहिता येऊ लागली. योशी या टोपणनावाच्या लेखकाची ‘डीप लव्ह’ ही या प्रकारातली पहिली गाजलेली कादंबरी. ठरावीक मासिक शुल्कात हवा तेवढा डेटा मिळू लागल्यावर पैशाची धास्ती न बाळगता तासन्‌तास लिहिण्या-वाचण्याची मुभा मिळाली. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतांशी तरुण मुली होत्या.

कथेची घडण फोननेच ठरवली. जुन्या फोनच्या एकेका कळीवर बाराखडीची एकेक ओळ असे. ‘का’साठी एकदा, तर ‘को’साठी तीच कळ पाच वेळा दाबावी लागे. अंगठ्याने असे लिहिताना वाक्य आपोआप तोकडे होई. निवेदन प्रथमपुरुषी, संवाद भरपूर, वर्णन जवळजवळ नाही. दोन वाक्यांमध्ये कित्येक ओळी कोऱ्या सोडलेल्या असत. नायिकेने प्रश्न विचारावा आणि उत्तरापर्यंत पोचायला वाचणारीने रिकामा पडदा खाली सरकवत राहावे, अशी ही योजना. तेवढा वेळ ती नायिकेबरोबर ताटकळत असे. हप्ता संपताच वाचकांचे अभिप्राय येत, आणि पुढचा भाग लिहिणारीपुढे ते असत.

2007 मध्ये जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळच्या मोबाइल कादंबऱ्या होत्या. मिका या टोपणनावाने लिहिलेली ‘कोइझोरा’ त्यांत अग्रभागी होती; त्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही आला. एरवी जपानी कादंबरी उभ्या ओळींत छापतात. या मात्र पडद्यावरच्यासारख्याच आडव्या ओळींत, कोऱ्या जागा राखून छापल्या गेल्या.

भाषा बाळबोध, कथानके साचेबद्ध, अशी टीका झाली. बलात्कार, गर्भपात, प्रियकराचा मृत्यू या घटना इतक्या वेळा आल्या की टीकेचा हा भाग मान्य करावाच लागतो. पण छापील गद्याच्या फूटपट्टीने मोजणाऱ्यांना कोऱ्या ओळींचे काम दिसले नाही, आणि तीच या प्रकाराची खरी कमाई आहे. ज्येष्ठ कादंबरीकार व बौद्ध भिक्षुणी जाकुचो सेतोउची यांनी 2008 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ‘पर्पल’ या टोपणनावाने स्वतः अशी कादंबरी लिहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

स्मार्टफोन आल्यावर कळा गेल्या, पडदा मोठा झाला आणि ही शैली ओसरली. ‘शोसेत्सुका नि नारो’सारख्या संकेतस्थळांवर वेगळ्या जगात जन्म घेणाऱ्या नायकांच्या कथा फोफावल्या. तिथे लांबलचक यादीतून वाचक कथा निवडतो; त्यामुळे सगळे कथानक सांगून टाकणारी, वाक्याएवढी लांब शीर्षके रूढ झाली.