गुंतवळीतला एक केस

कंगव्यात अडकलेल्या गुंतवळीतून एक लांब केस सोडवून घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि केसाच्या लांबीच्या दिशेनं बोटं पुढं-मागं चोळा. केस हळूहळू सरकू लागेल, आणि सरकेल तो कायम एकाच बाजूला. केस उलटा धरलात तर सरकण्याची दिशाही उलटते. ज्या बाजूनं तो पुढं जातो, ती मुळाची बाजू.

यामागं कौलारू छपराची रचना आहे. केसावर खवल्यांचे 5 ते 10 थर एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येक खवल्याची मोकळी कड टोकाकडं असते. मुळाकडून टोकाकडं हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवला की खरखर. डोक्यावरच्या केसांची मुळं एका जागी धरलेली असल्यामुळं सगळी कौलं एकाच दिशेनं असतात. पण रोज 50 ते 100 केस गळतात आणि त्यातले बरेच वेणीत किंवा अंबाड्यात तसेच राहतात. असा सुटा केस आत कुठंतरी उलटा फिरला की त्याचे खवले शेजारच्या खवल्यांत रुततात. चार दिवस वेणी न सोडता ठेवली की पाचव्या दिवशी घरात रडारड होते, त्याचं हे एक कारण.

‘केसांवर फुगे’ म्हणत गल्लीत येणाऱ्या फेरीवाल्यानं नेलेल्या गुंतवळीचं पुढं काय होतं, हेही यातच आलं. त्यात मुळं आणि टोकं यांची सरमिसळ झालेली असते, त्यामुळं त्याचा टोप जसाच्या तसा केला तर दोन दिवसांत त्याची दोरी होईल. म्हणून असे केस आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकोनचा लेप देतात. लेप धुण्यात गेला की टोप गुंतायला लागतो. तिरुपतीला उतरवलेल्या केसांना जास्त भाव मिळतो, कारण एका डोक्याचे केस मुळं एका बाजूला ठेवून बांधता येतात.

आपल्याला खवले काढायचे नाहीत, फक्त ते एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. निसर्गानं ती सोय केलेली आहे: सर्वांत वरच्या खवल्यांवर एका मेदाम्लाचा पातळ थर जणू शिवून टाकलेला असतो. साध्या धुण्यानं तो जात नाही. ऊन, घासाघीस, ब्लीच आणि केस रंगवण्याची रसायनं मात्र तो खरवडून काढतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुलगी पहिलीत असताना उगवलेलं टोक सहावीतही तिच्या पाठीवर रुळत असतं. गुंता नेहमी खालच्या वीतभर भागात का, याचं उत्तर त्या टोकाच्या वयात आहे.

थर गेला की केसाचा पृष्ठभाग पाणी धरतो आणि पाण्यात त्याच्यावर ऋण विद्युतभार येतो. केस जितका झिजलेला, तितका हा भार जास्त. कंडिशनरची सगळी करामत इथं आहे. त्यातल्या मुख्य रेणूचं डोकं धन भाराचं असतं आणि शेपटी लांब, मेणचट. डोकं केसाला चिकटतं, शेपटी बाहेर राहते, आणि दोन केसांच्या मध्ये शेपट्यांची गादी तयार होते. जिथं झीज जास्त तिथं भार जास्त, म्हणून तिथंच तो जास्त बसतो. वरून पाणी ओतलं तरी हा थर मागं राहतो, आणि महत्त्व त्यालाच आहे. हातावर बुळबुळीत लागणारी वस्तू केसावर टिकेलच असं नाही.

बाटलीच्या मागं बारीक इंग्रजी अक्षरांत बेहेनट्रिमोनियम किंवा सेट्रिमोनियम असं नाव असेल, तर तोच हा रेणू. ते नाव यादीत वरच्या बाजूला आहे का, एवढं मी बघते. पुढच्या बाजूला छापलेल्या फळांच्या चित्रांकडं बघत नाही. सोबत सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल असतं. ‘अल्कोहोल’ वाचून दचकू नका. ते मेणासारखं घट्ट असतं आणि केस कोरडे करत नाही, उलट गादी जाड करतं. अमोडायमेथिकोन हे सिलिकोनही धन भाराचंच, म्हणून तेही झिजलेल्या जागा निवडून बसतं.

आता स्वयंपाकघरातल्या गोष्टी. भिजवलेली मेथी, उकळलेली जवस, चुरगळलेली जास्वंदाची पानं, या सगळ्यांतून बुळबुळीत चिकट रस निघतो आणि तो केसांवर असेपर्यंत कंगवा सुरेख फिरतो. पण मेथीतल्या लांब साखळ्यांच्या शर्करेवर विद्युतभार नसतो. त्यामुळं धुतलं की बहुतेक सगळं मोरीत. गंमत पुढं आहे. याच जातीची शर्करा गवारीच्या बियांत असते. तिला रासायनिक प्रक्रियेनं धन भार जोडला की ती ‘ग्वार’ या नावानं शॅम्पूच्या यादीत येते. शॅम्पूत ती विरघळलेली असते. डोक्यावर पाणी पडून शॅम्पू पातळ झाला की ती फेसातून बाहेर पडते आणि केसावर बसते. म्हणजे धुता धुता लेपही होतो. ज्या गवारीच्या भाजीवर पोरं नाक मुरडतात, तिचीच ही बी!

खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलानं घटलं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवून वाचावं. तरी दिलेलं कारण पटण्याजोगं आहे. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी छोटी आणि सरळ असते, त्यामुळं ती केसात शिरू शकते. म्हणून हे तेल धुण्याआधी लावावं. गुंता सोडवायला ते जरूर मदत करतं, पण कंडिशनरची जागा घेत नाही.

साबणानं केस धुणाऱ्यांना बोअरच्या जड पाण्याचा त्रास वेगळाच. त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चोथा होतो आणि केसांवर बसतो. शेवटच्या तांब्यात थोडं लिंबू पिळलं तर तो सुटायला मदत होते.

राहता राहिला कंगवा. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, म्हणून सरळ केस थोडे वाळू द्यावेत. दाट कुरळ्या केसांचं उलट: ते वाळले की एकमेकांत जास्त अडकतात, म्हणून कंडिशनर लावलेले असतानाच, ओले, मोठ्या दातांच्या कंगव्यानं सोडवावेत. दोघांनाही सुरुवात टोकाकडून. मुळापासून खाली ओढत आणलं की वाटेतल्या सगळ्या छोट्या गाठी एकत्र येऊन एक मोठी गाठ होते. तशी गाठ आलीच, तर तिच्या वर केस मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही, आणि कंडिशनरचा थेंबभर तिथंच चोळा.